रेल्वेचा भोंगा मोटारीवर : मजुरी किती, जोखीम किती?

सालवड, बोईसर आणि तारापूर एमआयडीसीच्या पट्ट्यात गॅरेज, टायर-पंक्चर आणि ऑटो इलेक्ट्रिकच्या कामावर घर चालवणारे आपले अनेक तरुण आहेत. चिल्हार फाट्याकडून येणारे ट्रक-टँकर, कंपन्यांच्या बसगाड्या, घरोघरच्या जीप-मोटारी, सगळ्यांनाच त्यांची गरज पडते. त्यांच्याकडे हल्ली एखादे हौशी गिऱ्हाईक खोका घेऊन येते आणि म्हणते, ‘एवढा ट्रेन हॉर्न बसवून द्या.’ काम तासा-दोन तासांचे, मजुरी रोख. नाही कोण म्हणणार? पण हे काम हाती घेण्याआधी त्याचा पुरता हिशेब मांडावा, असे आम्हाला वाटते.

आधी या खोक्यात काय असते ते पाहू. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर, हवेची टाकी, दाब ठरावीक मर्यादेत ठेवणारा प्रेशर स्विच, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, नळ्या आणि तीन-चार कर्णे. बटण दाबले की व्हॉल्व्ह उघडतो, टाकीतली हवा कर्ण्याच्या बुडाशी असलेल्या पडद्याला थरथरवते आणि आवाज निघतो. विजेच्या इंजिनाच्या मुख्य टाकीत हवेचा दाब साधारण 8 ते 10 किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. हे संचही जवळपास तेवढ्याच दाबावर चालतात. फरक आहे तो हवेच्या साठ्याचा. इंजिन लांब भोंगा देऊ शकते, मोटारीची टाकी काही सेकंदांत रिकामी होते.

बसवण्यात चूक झाली तर गाडी पेटू शकते. मोठा कॉम्प्रेसर 20 ते 30 अँपिअर ओढतो. त्याला हॉर्नच्या जुन्या वायरवर जोडणे म्हणजे वायर वितळण्याची सोय करणे. बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, बॅटरीलगत फ्यूज आणि मध्ये रिले, यात काटकसर नको. टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. खाली पाणी काढण्याचा कॉक हवा, कारण आपल्या दमट हवेत टाकीत पाणी साचते आणि लोखंड आतून गंजते. ट्रकच्या बाबतीत तर आम्ही हात जोडून सांगतो, पैसे वाचवण्यासाठी ब्रेकच्या टाकीला छेद देऊन भोंग्याची नळी काढू नका. तो जोड गळला तर ब्रेकची हवा जाते, आणि ट्रक मालाने भरलेला असतो.

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 119 नुसार कर्कश, भेदक किंवा घाबरवून सोडणारा आवाज काढणारे साधन वाहनावर लावता येत नाही; एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारा हॉर्नही चालत नाही. सूट आहे ती रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशा वाहनांना. गाडीवर बसवलेल्या हॉर्नचा आवाज 7 मीटरवर 112 डेसिबलपेक्षा जास्त नसावा, अशी मर्यादा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर आवाजाच्या मानकांचा भंग केल्यास पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि तीन महिने लायसन्स जाते. गाडीत परवानगीबाहेरचा बदल केल्याबद्दल मालकावर दर बदलामागे 5,000 रुपयांचा दंड वेगळा. कंपनीच्या वायरिंगला कात्री लागली की वॉरंटीचा वादही उभा राहतो. गिऱ्हाईक हे सगळे भोगून परत येते ते कारागिराच्याच दारात!

आमचा आक्षेप दंडापुरता नाही. आपला पट्टा रेल्वेलगतचा. रुळाकडेच्या ‘सी/फा’ पाटीजवळ ड्रायव्हर फाटकासाठी शिटी देतो आणि माणसे त्या आवाजावर सावध होतात. तोच आवाज रोज रस्त्यावर नुसता गमतीने ऐकू येऊ लागला, तर रुळाजवळ त्याची किंमत काय राहील? शिवाय भोंगा तपासताना समोर उभा असतो तो गॅरेजमधला पोरगा. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा धरतात. त्याच्या कानांची मर्यादा कोण धरणार?

मग ही कला वाया घालवायची का? मुळीच नाही. समुद्रावरच्या नियमांनुसार 12 मीटर वा त्याहून लांब नौकेवर भोंगा असणे आवश्यक आहे, आणि सातपाटी, मुरबे, डहाणू ही मच्छीमार बंदरे आपल्या हाकेवर आहेत. धुक्यात, पावसात तिथे या आवाजाचे खरे काम आहे. कॉम्प्रेसर, रिले, व्हॉल्व्ह, सगळे तेच. फक्त खाऱ्या हवेसाठी जोड पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावे लागतात, विजेचे जोड पाण्यापासून बंद करावे लागतात आणि बोटीची बॅटरी 12 व्होल्टची आहे की 24 ची, हे आधी पाहावे लागते. एमआयडीसीत फोर्कलिफ्टचे हॉर्न आणि कारखान्यांचे भोंगे दुरुस्त करण्याचे काम आहेच. मोटारवाल्याला टाकी-कॉम्प्रेसर हवाच असेल, तर टायरमध्ये हवा भरण्यासाठी तोच संच कर्ण्यांशिवाय बसवून द्यावा. मजुरी तेवढीच मिळते.