रेस वाढवताना ट्रॅक्टरचा आवाज बदलला तर?



रोज ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या कानाला त्याचा आवाज पाठ असतो. रेस वाढवली किंवा नांगर जमिनीत उतरला, की एखादे दिवशी त्यात काही नवे ऐकू येते. "दोन तासांचेच काम राहिले आहे, उरकून घेऊ" म्हणून आपण रेटतो. इंजिन जाम झाले तर ट्रॅक्टर गॅरेजात पडून राहतो आणि इकडे वाफसा निघून जातो. उलट, नुसता बेल्ट चिरचिरला म्हणून इंजिन खोलून बसायचेही कारण नाही. म्हणून आवाज कुठून येतो, हे आधी घरच्या घरी ठरवावे.

आवाजाची जागा कशी शोधावी?

१) ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, पीटीओ बंद ठेवा. न्यूट्रलमध्ये हातरेस हळूहळू वाढवा. आवाज आला, तर दोष बहुधा इंजिनाकडे आहे.

२) आता क्लच दाबा. आवाज थांबला तर गियरबॉक्सचे बेअरिंग तपासून घ्यावे. क्लच दाबल्यावरच घरघर सुरू झाली तर क्लचचे रिलीज बेअरिंग गेले असे समजावे.

३) उभ्या ट्रॅक्टरला आवाज नाही, चालतानाच येतो? मग आधी ट्रॉली सोडून बघा. पुष्कळदा खडखडाट हिचच्या झिजलेल्या पिनेचा असतो. तरीही आवाज राहिला, तर मोकळ्या सपाट जागी रेस तीच ठेवून, थांबून, वेगळा गियर टाकून चालवा. आवाजाची लय चालीबरोबर बदलली तर दोष चाके किंवा डिफरन्शियलकडे. लय रेसबरोबरच राहिली तर इंजिनाकडे. उतारावर न्यूट्रल करून मात्र कधीही बघू नये.

तपासताना धोतराचा सोगा, उपरणे, पदर पंख्यापासून दूर ठेवा. चालू इंजिनाच्या बेल्टजवळ हात नेऊ नका.

कोणता आवाज कशाचा?

*चीं-चीं :* एकदम रेस दिली की येतो. फॅनबेल्ट ढिला किंवा गुळगुळीत झालेला असतो. इंजिन बंद करून बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. जास्त दबला तर ताण द्या, चिरा असतील तर बदला.

*फस्-फस् :* सायलेन्सरचा जोड किंवा मॅनिफोल्डचे गॅस्केट फुंकत आहे. जोडाजवळ काळी काजळी दिसेल. इंजिन गार झाल्यावर नट आवळा. तरी फुंकले तर गॅस्केट बदला.

*खडखड :* ठराविक रेसलाच येतो, पुढे नाहीसा होतो. मडगार्ड, बॉनेट किंवा सायलेन्सरची पट्टी ढिली असते. पान्याचे काम, फार खर्च नाही.

*हलकी टिक्-टिक् :* इंजिनाच्या वरच्या भागातून येते. व्हॉल्व आणि रॉकर यांतली फट वाढलेली असते. पुस्तिकेत दिलेल्या मापाप्रमाणे मिस्त्रीकडून टॅपेट बसवून घ्या.

*कडक टण्-टण् :* गार इंजिनाला सकाळी थोडी टणटण असतेच, ती गरम झाल्यावर कमी होते. गरम इंजिनालाही ओझ्याखाली राहिली, सोबत काळा धूर आला, तर नोझल व पंपाचे टायमिंग तपासून घ्या.

*शिट्टी :* टर्बो असलेल्या ट्रॅक्टरला बारीक शिट्टी असायचीच. मोठा सूसू आवाज, कमी झालेली ताकद आणि काळा धूर एकत्र आले, तर टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा पाइप निसटला आहे का ते बघा.

हा आवाज आला की जागीच थांबा

इंजिनाच्या खालच्या भागातून जड, खोल ठक्-ठक्, जी रेसबरोबर आणि ओझ्याबरोबर वाढते, ती बहुधा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची असते. रॉड आणि क्रँक यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो. ऑइल कमी पडले, पातळ झाले किंवा बेअरिंग झिजले, की फट वाढते आणि प्रत्येक धक्क्याला रॉड क्रँकवर आदळतो. ऑइलचा काटा खाली आला किंवा लाल दिवा लागला, तर शंकाच नको.

वेळीच थांबलात तर कदाचित बेअरिंगवर भागेल. रेटलेत तर क्रँक ग्राइंड करावी लागेल, आणि रॉड तुटला तर ब्लॉकही फुटेल. म्हणून इंजिन बंद करा आणि ट्रॅक्टर ओढून न्या. थोड्या वेळाने डिपस्टिक काढून बघा. ऑइल वाढलेले असून डिझेलचा वास आला, तर डिझेल ऑइलमध्ये उतरते आहे.

जुन्या पंपाच्या इंजिनात मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला करून बघतो. ज्या सिलिंडरला ठक्-ठक् कमी होते, त्यात दोष. हे मिस्त्रीलाच करू द्या, कारण दाबाने उडालेले डिझेल कातडीत घुसते. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यांतल्या पुष्कळांत कॉमन रेल पद्धत असते. तिचे पाइप चालू इंजिनात कुणीही ढिले करू नयेत.

मिस्त्रीला काय सांगाल?

"आवाज येतो" एवढे पुरत नाही. गार इंजिनाला की गरम, रिकामा की ओझ्याखाली, उभ्याने की चालताना, क्लच दाबल्यावर काय होते, धूर कोणत्या रंगाचा, ऑइल कधी बदलले, हे सांगा. त्याची निम्मी शोधाशोध वाचते आणि नको ते भाग बदलले जात नाहीत.

रोज सकाळी ट्रॅक्टर चालू करण्याआधी ऑइल व पाणी बघा, एअर क्लीनर स्वच्छ ठेवा. आणि घरात ट्रॅक्टर चालवणारे दोघे-तिघे असतील, तर हे पत्रक सर्वांना वाचून दाखवा.