बाष्पनिग्रह आणि प्रिय कथा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘नवेगान्धारणीय’ हा सातवा अध्याय विद्यार्थिदशेत आपण सर्वांनीच मुखोद्गत केलेला असतो. अधारणीय अशा तेरा वेगांत बाष्पाचा, म्हणजे अश्रूंचा, समावेश आहे. त्याच अध्यायात पुढे धारणीय मानसवेगांत शोकाची गणना आहे. अश्रू अडवू नयेत, पण शोकाचा वेग आवरावा, ही दोन विधाने परीक्षेपुरती दोन निरनिराळ्या याद्यांत राहतात. घरातील कर्ते माणूस गमावलेला रुग्ण समोर येऊन बसतो तेव्हा मात्र ती एकत्र येतात आणि वैद्याची खरी अडचण तेथून सुरू होते. २०२०-२१ च्या महामारीनंतर ही अडचण न अनुभवलेला चिकित्सक विरळाच.

बाष्पनिग्रहाने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची आणि भ्रम उद्भवतात असे सांगून आचार्य त्यावर तीनच उपाय देतात: निद्रा, मद्य आणि प्रिय कथा. यांपैकी मद्याचा विचार शोकाकुल माणसाच्या बाबतीत आज न केलेलाच बरा. निद्रेसाठी अश्वगंधा, जटामांसी, ब्राह्मी यांचे कल्प आपण लिहून देतो आणि औषधविक्रेते बंधू ते रोज देतात. तिसरा उपाय मात्र कोणाच्याच चिठ्ठीवर येत नाही. शब्दशः पाहता येथे अभिप्रेत आहेत त्या मनाला रुचणाऱ्या गोष्टी, आप्तांशी केलेला वार्तालाप. स्वतः कथा लिहिणे त्यात धरावे, हे प्रस्तुत लेखकाचे अनुमान आहे. पण त्यास आधार मराठी वाङ्मयात सापडतो.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बहुतांश भाग फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिला. त्यांची आई १९१७ सालीच निवर्तली होती. म्हणजे सोळा वर्षे सांभाळलेले दुःख बंदिवासात कागदावर उतरले. चिकित्सकाने येथे एक गोष्ट टिपून ठेवण्यासारखी आहे. गुरुजींनी ‘मी’ असे न लिहिता स्वतःला ‘श्याम’ हे नाव दिले आणि त्या श्यामला आश्रमातील सोबत्यांपुढे रात्रींमागून रात्री गोष्ट सांगावयास बसविले. श्याम रडतो, ऐकणारे रडतात. पण प्रत्येक रात्रीची गोष्ट कोठेतरी थांबते. अश्रू वाहू दिले आणि शोकाला मात्र बांध घातला, असे हे लेखन आहे. धारण म्हणजे दडपणे, असा अर्थ आपण उगाच घेत आलो आहोत.

आधुनिक संशोधनाने याच विषयाला दुसऱ्या बाजूने हात घातला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटे आयुष्यातील आघाताविषयी लिहावयास सांगितले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांची मनःस्थिती लेखनानंतर लगेच खालावली, परंतु पुढील सहा महिन्यांत त्यांच्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या. १९९९ मध्ये जोशुआ स्मिथ व सहकाऱ्यांनी दमा आणि संधिवाताच्या (ऱ्हुमॅटॉइड) रुग्णांवर तीन दिवस, वीस मिनिटे अशी पद्धत वापरली. चार महिन्यांनी, नेहमीचे उपचार चालू असता, आघाताविषयी लिहिणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के तर सामान्य विषयावर लिहिणाऱ्यांपैकी सुमारे २४ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा आढळली. नंतरच्या अभ्यासांत परिणाम इतका ठळक दिसला नाही. एकंदर लाभ अल्पच, असेच त्यांवरून म्हणावे लागते. वही देऊन औषध बंद करण्याचा मोह कोणी धरू नये.

लिहिता न येणाऱ्या रुग्णाचे काय? बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. वैधव्याचा भार वाहत, घरात आणि शेतात राबता राबता त्यांनी ओव्या रचल्या. त्या उतरवून घेतल्या घरच्यांनी, आणि १९५१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पुढील वर्षी त्यांचे पुस्तक निघाले. नातवंडाने आजीची हकीकत वहीत उतरवून घ्यावी, एवढे आपणही सुचवू शकतो. त्या निमित्ताने घरात कोणीतरी ऐकावयास बसते, हा लाभ वेगळाच.

व्यवहारात हे फार साधे ठेवावे. दुःख अगदी ताजे असता लिहिण्याचा आग्रह नको. झोप आणि अन्न आधी रुळावर यावे. ‘मी’ लिहिणे जड जात असेल तर दुसऱ्या नावाने, गोष्टीच्या रूपाने लिहावे. शुद्धलेखन कोणी पाहणार नाही आणि वही वैद्यालाही दाखविण्याचे बंधन नाही, हे स्पष्ट सांगावे. लिहिताना जीव फारच घाबरला तर तेथेच थांबावे. निजण्यापूर्वीची वेळ टाळलेली बरी.

आणि एक कटू सत्य. ज्यांनी पाच दिवसांत महाराष्ट्राला रडविणारे पुस्तक लिहिले, त्याच साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आपले जीवन संपविले. लेखनाने त्यांना तारले नाही. म्हणून वही सांगताना ‘जगणे नकोसे वाटते का?’ हा प्रश्न रुग्णाला सरळ विचारावा. विचारल्याने तसा विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी आले, तर त्याच दिवशी घरच्या माणसाला सोबत घेऊन मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. रोज रात्री झोपेचे औषध मागणारे गिऱ्हाईक वैद्याआधी औषधविक्रेत्याच्याच नजरेस पडते. अशा वेळी शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक छापलेली चिठ्ठी पुडीसोबत द्यावयास दुकानदारास काहीच खर्च येत नाही.