कुंड्या पाण्याच्या, तशाच हवेच्याही

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा म्हटला की बोलणे पाण्याचे निघते, आणि ते साहजिकच आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने सातपुड्याकडून तापीकडे झिरपत जाणारे पाणी जमिनीखालीच गाठले आणि नुसत्या उताराच्या जोरावर बोगद्यातून शहराकडे वळवले. पण या बोगद्यावर ठरावीक अंतराने, शंभरहून अधिक कुंड्या, म्हणजे बोगद्यापर्यंत उतरणाऱ्या विहिरी, एका ओळीत उभ्या आहेत. पाणी शहरात जाली करंज या हौदापाशी मिळणारच होते, मग वाटेत इतकी तोंडे उघडी कशासाठी ठेवली? केवळ पाणी शेंदायला एवढ्या कुंड्या लागत नाहीत. त्या हवेसाठीही आहेत, आणि म्हणून हे काम खाणविद्येच्या वारशातही मोजले पाहिजे.

आज पर्यटक लिफ्टने सुमारे ऐंशी फूट खाली उतरतात. एवढ्या खोलीवर, एकाच तोंडाच्या अरुंद बोगद्यात, माणसांचा श्वास आणि दिव्याचा धूर कोंडायला वेळ लागत नाही. दर थोड्या अंतरावर उभी विहीर असली की काम करणारा उघड्या हवेपासून फार दूर जात नाही. शिवाय आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानात फरक पडला की गरम हवा वर चढते आणि दुसऱ्या तोंडातून ताजी हवा आत येते. कोळशाच्या भूमिगत खाणीचा श्वास याच तत्त्वावर सुरू झाला. एका शाफ्टमधून हवा खाली, दुसऱ्यातून वर. ओढ वाढवायला पूर्वी वर जाणाऱ्या शाफ्टच्या तळाशी भट्टी पेटवत, पुढे तिच्या जागी पंखे आले. दुसरी वाट नसली तर काय होते, ते इंग्लंडमधल्या हार्टली खाणीने १८६२ मध्ये दाखवले. पंपाच्या इंजिनाची तुळई तुटून एकुलत्या एका शाफ्टमध्ये कोसळली आणि आत अडकलेली २०४ माणसे व मुले दगावली. त्याच वर्षी तिथे दोन वाटांची सक्ती करणारा कायदा झाला.

कुंड्या मुळात माती-दगड वर काढण्यासाठी खोदल्या, हवा हा आपोआप झालेला फायदा, असा आक्षेप घेता येईल. माती त्यातूनच निघाली असणार, हे खरे. पण खोदकाम संपल्यावर त्या बुजवल्या नाहीत. उलट बांधून, जमिनीच्या वर कठडा उचलून कायम ठेवल्या. बोगद्यात क्षार आणि गाळ साचतो, तो काढायला माणूस पुन्हा उतरावाच लागतो, आणि त्याला हवा लागते. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: कोळशातून मिथेन निघतो, हवेत तो साधारण ५ ते १५ टक्के झाला की स्फोट होऊ शकतो, पाण्याच्या बोगद्याशी त्याची बरोबरी कशी? बरोबरी नाहीच. नैसर्गिक ओढ ऋतूनुसार बदलते, म्हणूनच मिथेन निघणाऱ्या खाणीला अखंड चालणारा पंखा लागतो. पण पंखा फक्त हवा ओढतो. ती कुठून शिरावी आणि कुठून निघावी हे खोदणाऱ्यानेच आधी ठरवलेले असते.

२०२४ मध्ये कुंडी भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत आला, तेव्हा जतनाचा हिशेबही नीट मांडायला हवा. वाहते पाणी आणि लिफ्टची एक कुंडी सांभाळून भागणार नाही. शेतातून, वस्तीजवळून जाणारी प्रत्येक कुंडी उघडी आणि शाबूत राहिली पाहिजे. विदर्भातल्या आणि छिंदवाड्याकडच्या भूमिगत खाणी बंद करताना पंखाघर भंगारात काढण्याआधीही हाच विचार व्हावा: कोळसा कुणी काढला याची नोंद राहते, त्याला श्वास कशाने पुरवला याचीही राहिली पाहिजे.