लिनक्समध्ये आपलं सॉफ्टवेअर: डेब पॅकेज की अख्खी आयएसओ?

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं 2007 मध्ये 'बॉस लिनक्स' आणलं, तेही शून्यापासून नाही. डेबियनवरच भारतीय भाषा चढवून. मग गुलमंडीतल्या दुकानांना बिलिंग विकणाऱ्यांनी अख्खी सिस्टीम कशाला लिहायची?

आधी सॉफ्टवेअरचं डेब पॅकेज करा. चालू मशीनला तेवढं पुरतं. पुढचे अपडेट आपल्या रिपॉझिटरीतून जातात. दहा मशीन एकदम द्यायच्यात? मग लाइव्ह-बिल्ड वापरा: पॅकेजची यादी द्या, आपलं डेब सोबत टाका, आयएसओ फाइल तयार. एकाच गिऱ्हाइकासाठी मात्र हा खटाटोप नको. उबुंटू बदलून वाटणार असाल तर त्यांचं नाव-लोगो काढा, नाहीतर कॅनॉनिकलची परवानगी घ्या.

आणि हो, गिऱ्हाइकाचा थर्मल प्रिंटर लिनक्सवर चालतो का, हे बघितल्याशिवाय ॲडव्हान्स घेऊ नका!