बेस गिटार वाजवणाऱ्यांचा अंगठा

एप्रिल आला की आपल्या ऑर्केस्ट्रांना उसंत नसते. आज या वस्तीत चार-पाच तास कार्यक्रम, उद्या दुसऱ्या गावी. गाणारा घसा जपतो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो. बेस गिटारवाल्याच्या हाताची मात्र कुणी चौकशी करत नाही. मनगट धरून आलेल्या मुलाला आम्ही आधी एकच विचारतो, वाजवताना उजवा अंगठा कुठं असतो? (डावखुऱ्यांनी डावा समजावा.) बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: पिकअपवर, दाबून.

बेसच्या तारा जाड. त्या बोटांनी छेडताना हाताला टेकू हवाच. त्यासाठी काही गिटारांवर अंगठा ठेवायची छोटी पट्टी असते, थम्ब रेस्ट. गंमत म्हणजे १९५१ साली अमेरिकेत फेंडर कंपनीनं प्रिसिजन बेस आणला, तेव्हा ही पट्टी अंगठ्यासाठी नव्हतीच. ती बारीक तारेच्या खालच्या बाजूला होती. बोटं तिथं टेकवायची आणि अंगठ्यानं तार छेडायची, असा हिशेब. वादक दोन बोटांनी वाजवू लागले आणि १९७० च्या दशकात कंपनीनं पट्टी वर, जाड तारेकडे नेली.

पट्टी असो वा पिकअप, त्रास होतो तो अंगठा एकाच जागी रोवून ठेवल्यानं. जाड ई तार वाजवताना ठीक. पण बारीक जी तारेपर्यंत बोटं न्यायची तर अंगठा ताणतो आणि मनगट वाकतं. अंगठ्याच्या शिरा, म्हणजे खरं तर स्नायूबंध, मनगटापाशी एका अरुंद नळीतून जातात. तिथं घासून सूज येते. याला डी क्वेर्वेन म्हणतात. तान्ह्या बाळाला दिवसभर उचलणाऱ्या आयांनाही हाच त्रास होतो.

उपाय फुकटचा आहे. अंगठा बोटांबरोबर सरकू द्या. ई तार वाजवताना तो पट्टीवर, ए वाजवताना ई तारेवर, डी वाजवताना ए वर. टेकवायचा, दाबायचा नाही. मनगट सरळ राहतं, शिवाय न वाजणाऱ्या जाड तारा अंगठ्याखाली गप्प राहतात आणि घुमत नाहीत. पहिले काही दिवस चुकल्यासारखं वाटेल, म्हणून सराव सावकाश लयीत करा.

स्टेजवर आपलाच आवाज ऐकू येत नाही म्हणून मुलं तारा ओढून ओढून वाजवतात. त्यापेक्षा साऊंडवाल्याला मॉनिटर वाढवायला सांगा. अंगठ्यानं ठोका मारायची स्लॅपची पद्धत अमेरिकेच्या लॅरी ग्रॅहम यांनी गाजवली. तो ठोका अंगठ्याच्या जोरानं मारू नका. कुलपात किल्ली फिरवतो तसा कोपराखालचा हात फिरवा, अंगठा आपोआप आपटून परत येतो.

डावा अंगठा नेकच्या मागं, साधारण मधल्या बोटासमोर, हलका ठेवा. मधूनच तो उचलून पाहा. सूर लगेच बिघडला तर तुम्ही नेक आवळत होतात. आणि गिटार गुडघ्यापर्यंत लोंबती ठेवायची फॅशन सोडा. बसून वाजवताना ती जिथं येते, उभं राहूनही तिथंच यावी इतका पट्टा आखूड करा.

अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीकडे हळूच झुकवा. अंगठ्याच्या बाजूला मनगटात तीव्र कळ आली तर वाजवणं थांबवून सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर प्रकरण वेगळं, तिथं नस दबलेली असू शकते. तेही अंगावर काढू नका. कळ मारायला मनानं गोळी घेऊन स्टेजवर चढू नका, कळ दबली तरी सूज वाढतच राहते. सुजलेलं मनगट कुणाकडून ओढून, चोळूनही घेऊ नका.

सुपारी घेतानाच मंडळाकडून मध्ये पंधरा मिनिटांची विश्रांती मागून घ्या. निवेदकाला तेवढा वेळ नेहमीच हवा असतो.