दुखणे अंगावर काढणे : आपण डॉक्टरकडे उशिरा का जातो?

'दुखणे अंगावर काढणे' या शब्दप्रयोगात थोडे कौतुकही असते. 'बाईने कधी कुणाला कळू दिले नाही, सगळे अंगावर काढले' असे आपण आदरानेच म्हणतो. दवाखान्यात मात्र या वाक्याचा अर्थ पुष्कळदा वेगळा असतो. सहा महिन्यांपूर्वी जो उपचार सोपा होता, तो आता अवघड झालेला असतो. नातेवाईक मग हळहळतात, 'शिकलेला माणूस, असे कसे केले?' पण शिक्षणाचा यात वाटतो तेवढा संबंध नाही. आजार जाणवल्यावर माणूस काय करतो, याचा मानसशास्त्राने आणि समाजशास्त्राने बराच अभ्यास केला आहे. त्यातल्या काही कल्पना घरच्या माणसांनाही उपयोगी पडतात.

रोग वेगळा, आजारपण वेगळे

शरीरात झालेला बिघाड म्हणजे रोग. माणसाला स्वतःला जो त्रास जाणवतो ते आजारपण. आणि घरच्यांनी, मालकाने, गावाने 'हा आजारी आहे' असे मान्य करणे ही तिसरी गोष्ट. या तिन्ही नेहमी बरोबर चालत नाहीत. उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे काहीच त्रास देत नाही. म्हणजे रोग आहे, आजारपण नाही. उलट कंबरदुखीने हैराण झालेल्या सुनेचा एक्स-रे चांगला आला की 'नाटके करते' असे ऐकावे लागते. म्हणजे आजारपण आहे, पण मान्यता नाही. डॉक्टरकडे जाण्याचा निर्णय यातल्या पहिल्या गोष्टीवर फारच कमी वेळा ठरतो.

नेमके कशामुळे पाऊल उचलले जाते?

इर्विंग झोला या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनमधील रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या लोकांशी बोलून एक साधा प्रश्न तपासला : हा माणूस आजच का आला? त्यावरचा त्यांचा लेख १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक लोक आजार सर्वांत जास्त असताना आलेले नव्हते. त्रासाशी त्यांनी आधीच जुळवून घेतले होते आणि मग ते जुळवून घेणे कुठेतरी मोडले होते.

झोला यांनी अशी पाच कारणे सांगितली. घरात किंवा नात्यात काही खटका उडणे. चारचौघांत मिसळायला त्रासाची अडचण होऊ लागणे. दुसऱ्या कुणीतरी 'आता दाखवलेच पाहिजे' असा आग्रह धरणे. कामात अडथळा येणे. आणि स्वतःला मुदत घालून घेणे, म्हणजे 'सोमवारपर्यंत बघू, नाही थांबले तर जाऊ.'

आपल्याकडे हे रोज दिसते. गुडघा दोन वर्षे दुखत असतो, पण भाचीच्या लग्नात जमिनीवर बसता येईना, तेव्हा आजी येतात. आजोबांचा मोतीबिंदू नातीने हट्ट धरला म्हणून निघतो. मुदत तर आपल्याला फारच प्रिय : पेरणी झाली की, परीक्षा संपल्या की, दिवाळीनंतर. सणासुदीनंतर दवाखान्यात गर्दी होते त्यामागे फराळ हे एकच कारण नसते.

आता या पाच कारणांकडे पुन्हा पाहा. 'रोग गंभीर आहे' हे कारण त्यात कुठेच नाही. खरा धोका इथे आहे. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. ती स्वयंपाकाच्या आड येत नाही, नोकरीच्या आड येत नाही, कुणाला दिसत नाही आणि संकोचामुळे कुणाला सांगितलीही जात नाही. मग आग्रह धरणार कोण? मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. चप्पल चावून झालेली जखम दुखतच नाही, म्हणून माणूस त्याच पायाने शेतात चालत राहतो. तंबाखू खाणाऱ्याच्या गालातला पांढरा चट्टा असाच मुकाट वाढतो. दुखणे हा पहारेकरी आहे असे धरून चाललो, तर त्याला दिसत नाही त्याच दाराने हे रोग आत येतात.

'तपासून काय होणार आहे?'

१९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेपुढे एक कोडे होते. क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे मोफत होता, त्यासाठी फिरत्या गाड्या वस्तीत येत होत्या, तरी अनेक लोक येत नव्हते. गॉडफ्री हॉकबाउम, अर्विन रोझनस्टॉक आदी मानसशास्त्रज्ञांनी यावर काम केले. त्यातून 'आरोग्यविषयक समजुतींचे प्रारूप' तयार झाले. नाव जड आहे, मुद्दा सोपा आहे. माणूस मनात काही हिशेब करतो : हा रोग मला होऊ शकतो का? झालाच तर किती वाईट? लवकर कळले तर काही फायदा आहे का? आणि त्यासाठी मला काय मोजावे लागेल?

घरी समजावताना आपण बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रश्नावर जोर देतो, म्हणजे भीती घालतो. माझ्या मते पुष्कळांचे अडते ते तिसऱ्यावर. कर्करोग म्हणजे सगळे संपले अशी पक्की समजूत असेल, तर तपासणी म्हणजे फक्त वाईट बातमी लवकर ऐकणे. अशा माणसाला आणखी घाबरवले तर तो आणखी लांब जातो. त्याला उपचाराने बरा झालेला, ओळखीतला एखादा माणूस भेटवा.

आजारी पडण्याची परवानगी

चौथा प्रश्न, किमतीचा, केवळ पैशांचा नाही. टॅलकॉट पार्सन्स यांनी १९५१ मध्ये 'रुग्णाची भूमिका' ही कल्पना मांडली. समाज आजारी माणसाला दोन सवलती देतो : नेहमीच्या कामातून सुटका, आणि 'यात तुझा दोष नाही' ही मान्यता. बदल्यात त्याने बरे व्हायची इच्छा धरावी आणि योग्य उपचार घ्यावेत अशी अपेक्षा असते. पगारी रजा असलेल्या नोकरदाराला हे बरोबर लागू पडते. पण रोजंदारीवरच्या माणसाचे काय? ऊसतोडीत खाडा पडला की दंड भरावा लागतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, तेव्हा हेही चर्चेत आले होते. घर सांभाळणाऱ्या बाईला तर रजेचा अर्जच कुणाकडे करायचा हे माहीत नसते. ताप असला तरी पोळ्या तिलाच लाटायच्या असतात. अशा वेळी 'तू स्वतःकडे लक्ष देत नाहीस' हा उपदेश निरुपयोगी आहे. 'उद्या सकाळचा डबा मी करतो, आपण दहाला निघू' हे उपयोगी आहे.

दोष नसल्याची मान्यताही सर्वांना मिळत नाही. क्षयरोग, मानसिक आजार, लैंगिक आजार यांत लोक काय म्हणतील या भीतीने माणूस लांबच्या गावातला दवाखाना गाठतो, किंवा कुठलाच गाठत नाही. अशा वेळी डॉक्टरशी एकट्याने बोलू देणे हीसुद्धा मोठी मदत असते.

मुदत कशाला द्यावी, कशाला नाही

मुदत घालणे मुळात वाईट नाही. सर्दी, साधी अंगदुखी, मुरगळलेला पाय यांना दोन-चार दिवस द्यायला हरकत नसते. मात्र दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकीची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. तोंडातली जखम किंवा चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, स्तनात नवी गाठ लागली, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा थोडेसे जरी रक्त गेले, तर दुखण्याची वाट पाहू नका. मधुमेह असलेल्याने पायावरची कोणतीही जखम त्याच दिवशी दाखवावी आणि तळपाय रोज रात्री पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा नातवाला सांगावे.

छातीवर दाब येऊन घाम फुटणे, आणि तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात गळणे किंवा बोलणे अडखळणे, या दोन प्रसंगांत तर मुदत मिनिटांत मोजायची असते. पक्षाघातात गाठ विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन व्हावा लागतो. म्हणून 'गॅस झाला असेल', 'झोपून उठल्यावर बघू' असे घरातले वडीलधारे म्हणत असले तरी १०८ ला फोन करा, आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहून सोबत न्या.