टॉवरची जागा कशी ठरते?

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये सेवेपासून वंचित २४,६८० गावांत ४जी पोहोचवण्याची योजना मंजूर केली. काम बीएसएनएलकडे आहे. टॉवरची जागा आधी संगणकावर पाहिली जाते. टॉवरपासून दूर जाताना सिग्नल किती क्षीण होईल, याचा अंदाज गणिती मॉडेल देते.

बरेच वापरले जाणारे हाटा मॉडेल १९८० चे आहे. ते ओकुमुरा यांनी टोकियो परिसरात केलेल्या मोजणीवर बेतलेले आहे. तिथले आकडे गडचिरोलीच्या जंगलात जसेच्या तसे कसे चालतील? अंदाज १० डेसिबलने चुकला, तर सिग्नलच्या शक्तीत दहापट फरक पडतो. नकाशावर हिरव्या दिसणाऱ्या पाड्यातील माणसाला मग फोन लावायला टेकडी चढावी लागते.

म्हणून गाडीत यंत्र ठेवून प्रत्यक्ष सिग्नल मोजतात आणि अंदाजाशी जुळेपर्यंत मॉडेलमधील आकडे बदलतात. फरकाची सरासरी शून्य आली, एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. एका पाड्यावर अंदाज जास्त आणि दुसऱ्यावर तेवढाच कमी आला, तरी सरासरी शून्यच येते! शिवाय गाडी जात नाही तिथे पायी मोजणी करावी लागते. ती टाळली, तर मॉडेल रस्त्यालगतच्या घरांपुरतेच खरे ठरते.

ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांनी कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. आपल्या गावाचा नकाशा पाहा. नकाशात सेवा दिसते, पण प्रत्यक्षात मिळत नसेल, तर नेमके ठिकाण सांगून कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.